विमानसंस्थांचे विलीनीकरण आणि आपला जमाखर्च

(संघाच्या वार्षिक अधिवेशनात झालेले व्याख्यान)



अधिवेशनातील हे व्याख्यान बहुधा संतवाङ्मयावर किंवा मुलांच्या शिक्षणावर व्हावयाचे. यंदा कार्यकारी मंडळाने हे काम आमच्याकडे सोपविले आणि आम्ही विषय निवडला तो विमानांचा. ज्या वऱ्हाडात कापूस, तूर आणि संत्रा यांचे भाव निघाल्यावाचून चार माणसांची बैठक उठत नाही, तेथे विमानसंस्थांच्या तोट्याचे पुराण कशासाठी, असे काही मंडळींनी आम्हांस विचारलेही. त्यास उत्तर एवढेच की, उद्या सकाळच्या सर्वसाधारण सभेत आपणांस एका ठरावावर मत द्यावयाचे आहे. अमरावती शाखेचा विद्यार्थी साहाय्यक निधी आणि अकोला शाखेचा वसतिगृह निधी हे दोन्ही एक करावेत, असा तो ठराव आहे. दोन संस्था एक होतात तेव्हा काय घडते, कशाने बिघडते आणि कशाने सावरते, याचा आपल्या देशातील अत्यंत खर्चिक आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत घडलेला दाखला म्हणजे एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण होय. आमची हयात जमाखर्च तपासण्यात गेली. तेव्हा त्याच दृष्टीने आम्ही ही हकीकत आपणांपुढे ठेवणार आहोत.

हा विषय आपल्या अंगणापासून तितकासा दूरही नाही. दिनांक १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून प्रवासी विमान उतरले आणि अमरावतीकरांची बहुत वर्षांची इच्छा पुरी झाली. ते विमान अलायन्स एअर या सरकारी कंपनीचे होते. ही कंपनी म्हणजे एअर इंडियाच्या मोठ्या घरातील एक धाकटी पाती. घराची विक्री झाली तेव्हा थोरले घर टाटांकडे गेले आणि ही पाती सरकारकडेच राहिली. त्याच बेलोऱ्यास वैमानिक शिक्षणाची मोठी शाळा काढण्याचे एअर इंडियाने जुलै २०२४ मध्ये जाहीर केले. दरसाल १८० वैमानिक तयार करण्याचा तिचा संकल्प आहे. म्हणजे एकाच धावपट्टीवर विभक्त झालेल्या घराच्या दोन्ही शाखा येऊन मिळाव्यात, असा हा योग! आमच्या अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी आखूड, आणि ती वाढविण्याचा प्रश्न शेजारच्या कृषी विद्यापीठाच्या जमिनीशी येऊन वर्षानुवर्षे अडलेला. त्यामुळे अकोलेकरांना हे भाग्य अजून लाभावयाचे आहे.

आता मूळ कथेकडे वळू. जे. आर. डी. टाटा यांनी दिनांक १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानावर एका लहानशा विमानातून टपाल आणले. तेथून या घराची वंशावळ सुरू होते. १९४६ मध्ये या संस्थेस एअर इंडिया हे नाव मिळाले. १९४८ च्या जूनमध्ये मुंबई ते लंडन हा परदेशी प्रवास सुरू झाला. त्याच सुमारास, म्हणजे १९४९ पासून, आपल्या शेजारच्या नागपुरास मध्यरात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून येणारी टपालाची विमाने एकत्र मिळत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपूर्वी ती आपापल्या वाटेने परत जात. चारी दिशांचे टपाल एका रात्रीत वाटून देण्याची ही युक्ती ज्यांनी पाहिली, त्या पिढीस विमान ही केवळ श्रीमंतांच्या मौजेची वस्तू वाटली नाही.

१९५३ मध्ये संसदेने कायदा करून विमानवाहतूक राष्ट्राच्या मालकीची केली. परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल आणि देशांतर्गत उड्डाणांसाठी इंडियन एअरलाइन्स, अशी दोन महामंडळे निर्माण झाली. इंडियन एअरलाइन्सच्या पोटात एकंदर आठ कंपन्यांचा देशांतर्गत कारभार आला. डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, कलिंग एअरलाइन्स, हिमालयन एव्हिएशन ही त्यांतील काही नावे. पुढे पन्नासांहून अधिक वर्षे ही दोन भावंडे एकाच सरकारच्या छत्राखाली, परंतु वेगवेगळ्या चुलीवर नांदली. एकीचे माहेर मुंबई, दुसरीचे दिल्ली. एकीची विमाने बहुतांशी बोइंगची, दुसरीची एअरबसची. एकीचे वैमानिक लांबच्या प्रवासाचे, दुसरीचे दिवसातून अनेकदा चढउतार करणारे. पगाराच्या श्रेणी वेगळ्या, बढतीचे नियम वेगळे, कर्मचाऱ्यांच्या संघटना वेगळ्या. एकाच आजोबांची नातवंडे असली तरी त्यांनी एका ताटात जेवण्याची सवय कधी ठेवलीच नव्हती.

अशा स्थितीत २००७ साल उजाडले. खासगी कंपन्यांना १९९० नंतरच्या दशकात परवानगी मिळाली होती. स्वस्त तिकिटांच्या नव्या कंपन्यांनी प्रवासी ओढून नेण्यास आरंभ केला होता. दोन्ही सरकारी संस्था एक केल्या तर खरेदी एक होईल, कचेऱ्या एक होतील, परदेशाहून आलेला प्रवासी त्याच कंपनीच्या विमानाने गावी जाईल आणि खर्चात मोठी बचत होईल, असा विचार मांडण्यात आला. विचार वावगा होता असे आम्ही म्हणणार नाही. कागदावर तो उत्तमच होता. मार्च २००७ मध्ये नवी कंपनी नोंदविण्यात आली आणि दोन्ही संस्था तीत विलीन झाल्या. नव्या चिन्हात एअर इंडियाचा उडता हंस आणि इंडियन एअरलाइन्सने अंगीकारलेले कोणार्कचे चक्र, या दोहोंस स्थान देण्यात आले. चिन्हे एक झाली. वहीखाती व माणसे मात्र व्हावयाची राहिली.

येथे जमाखर्चाची पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. एकत्र येण्याचे ठरण्यापूर्वी दोन्ही संस्थांनी आपापल्या स्वतंत्र बुद्धीने विमानांची मागणी नोंदवून ठेवली होती : एअर इंडियाने ६८ बोइंग आणि इंडियन एअरलाइन्सने ४३ एअरबस, मिळून १११ विमाने. हा खर्च जवळजवळ सर्वस्वी कर्जातून व्हावयाचा होता. मालकाचे स्वतःचे भांडवल त्या मानाने नगण्य होते. म्हणजे दोन भावांनी वेगवेगळ्या सावकारांकडून वेगवेगळे कर्ज काढले, आणि मग दुसऱ्या दिवशी घर एक केले! देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात या दोन्ही गोष्टींवर बोट ठेवले आहे. कर्जावर आधारलेली खरेदी आणि ती ठरून गेल्यानंतर झालेले विलीनीकरण यांचा मेळ बसला नाही, हे त्या अहवालाचे सार आहे. त्यातच २००८ मध्ये खनिज तेलाचे भाव भडकले आणि पाठोपाठ जगभर मंदी आली. २००७-०८ मध्ये सुमारे २,२०० कोटी रुपयांचा असलेला वार्षिक तोटा २०११-१२ पर्यंत साडेसात हजार कोटींवर गेला.

दुसरी गोष्ट माणसांची. विलीनीकरण २००७ चे, परंतु विमानांच्या क्रमांकापुढील इंडियन एअरलाइन्सची जुनी अक्षरे २०११ पर्यंत चालूच होती. पगाराची समता नाही म्हणून पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी २०११ च्या एप्रिल-मे महिन्यांत संप केला. पुढल्याच वर्षी, ड्रीमलायनर या नव्या विमानांचे शिक्षण दुसऱ्या बाजूच्या वैमानिकांना का, म्हणून पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी ५८ दिवस काम बंद ठेवले. एकाच कंपनीचा पगार घेणारी माणसे पाच वर्षांनंतरही ‘ते’ आणि ‘आम्ही’ ही भाषा विसरली नव्हती. कोण कोणाहून ज्येष्ठ, कोणाची बढती कोणत्या श्रेणीत धरावी, हे ठरविण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमावी लागली आणि तिचा अहवाल २०१२ मध्ये आला. जी गोष्ट लग्नाच्या याद्या करतानाच बोलून घ्यावयाची, ती वरात घरी आल्यावर पाच वर्षांनी पंचांपुढे गेली. यात त्या वैमानिकांचाच दोष पाहणे न्यायाचे होणार नाही. माणसाला आपली वीस वर्षांची नोकरी नव्या वहीत कोठे लिहिली जाणार हे सांगितले नाही, तर तो संशयाने पाहणारच.

सरकारी संस्था होती म्हणून असे झाले, खासगी असती तर झाले नसते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी त्याच काळातील आणखी दोन सोयरिकी आठवाव्यात. एप्रिल २००७ मध्ये जेट एअरवेजने सहारा ही कंपनी १,४५० कोटी रुपयांस घेतली. त्याच वर्षी किंगफिशरने एअर डेक्कनमध्ये हिस्सा घेतला आणि पुढे ती आपल्यात विलीन करून टाकली. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर बसली. जेटचे अखेरचे उड्डाण १७ एप्रिल २०१९ रोजी झाले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची मालमत्ता विकून देणी भागविण्याचा आदेश दिला. या दोन्ही कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे पगार थकले. त्यांच्यामागे सरकारचा खजिना नव्हता म्हणून त्या बुडाल्या. एअर इंडियामागे तो होता म्हणून ती तरली. रोग मात्र तिघींचा बहुतांशी एकच होता : उत्पन्नाच्या मानाने देणे फार, आणि दुसऱ्याचे घर सामावून घेताना त्याच्या देण्याचा अंदाज थोडा.

सरकारच्या खजिन्याने तारले, याचा अर्थ आपण तारले. २०१२ मध्ये केंद्र सरकारने टप्प्याटप्प्याने ३०,००० कोटींहून अधिक भांडवल घालण्याची योजना मंजूर केली. २०१८ मध्ये ७६ टक्के भाग विकावयास काढला, तेव्हा एकही गिऱ्हाईक पुढे आले नाही. अखेर संपूर्ण मालकी विकण्याचे ठरले आणि ८ ऑक्टोबर २०२१ रोजी टाटांची १८,००० कोटींची बोली स्वीकारण्यात आली. त्यांपैकी १५,३०० कोटींचे कर्ज टाटांनी अंगावर घेतले व २,७०० कोटी रोख दिले. २७ जानेवारी २०२२ रोजी संस्था मूळ घराण्याकडे परत गेली.

आता त्या दिवसाची खतावणी मांडू. ऑगस्ट २०२१ अखेर एकंदर कर्ज ६१,५६२ कोटी. त्यातील १५,३०० कोटी टाटांकडे गेले. उरलेले ४६,२६२ कोटी सरकारने काढलेल्या एका वेगळ्या कंपनीच्या नावे लिहिण्यात आले. सरकारकडे राहिलेल्या जमिनी व इमारती यांची किंमत १४,७१८ कोटी धरली आणि २,७०० कोटींची रोकड जमेस घेतली, तरी २८,८४४ कोटींचा बोजा शिल्लक राहतोच. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली, तर माणशी सुमारे २०६ रुपये. पाच माणसांच्या कुटुंबामागे हजारावर रुपये झाले. मेळघाटातील ज्या आदिवासी आजीबाईने विमान फक्त आभाळात पाहिले, तिच्याही नावे ही रक्कम पडली. विक्रीच्या सुमारास संस्थेपायी दिवसाला वीस कोटींच्या आसपास तोटा होत असल्याचे सरकारी अधिकाऱ्यांनीच सांगितले होते. तेव्हा विक्री करू नये असे म्हणणेही कठीण होते. उशिराचा एकेक दिवस म्हणजे वीस कोटी.

मुंबईच्या नरिमन पॉइंटवरील एअर इंडियाची उंच इमारत हे त्या वैभवाचे ठळक चिन्ह होते. ती १,६०१ कोटींना महाराष्ट्र शासनाने घेण्याचे ठरले आणि २०२४ मध्ये केंद्राने त्यास मंजुरी दिली. नागपूरच्या मिहानमधील विमानदुरुस्तीचा मोठा कारखाना तर त्याच ६८ विमानांच्या सौद्यातून उभा राहिला होता. विमाने विकणाऱ्या बोइंग कंपनीने तो बांधून दिला. विमाने टाटांकडे गेली आणि कारखाना सरकारच्या अभियांत्रिकी कंपनीकडे राहिला. वाटणी झाली की बैल एकाकडे आणि गाडी दुसऱ्याकडे, असा प्रकार शेतकऱ्याच्या घरी घडतो, तसाच मोठ्या घरीही घडतो.

टाटांच्या हाती गेल्यावर कथा संपली, असे मात्र नव्हे. त्यांच्या पदरी आता चार विमानकंपन्या झाल्या होत्या. त्यांतील एअरएशिया इंडिया ही ऑक्टोबर २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये, आणि विस्तारा ही १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियामध्ये विलीन झाली. सिंगापूर एअरलाइन्सकडे एअर इंडियाचा २५.१ टक्के हिस्सा आला. या वेळी बरीच पूर्वतयारी होती. तरीही २०२४ च्या उन्हाळ्यात आधी विस्ताराच्या वैमानिकांत नव्या पगारश्रेणीवरून असंतोष झाला, आणि मग एअर इंडिया एक्स्प्रेसच्या सेवकवर्गाने एकदम आजारपणाच्या रजा टाकल्या. शेकडो उड्डाणे खोळंबली. २०२४-२५ या वर्षी दोन्ही कंपन्यांचा मिळून तोटा साडेनऊ हजार कोटींच्या वर होता. पुढे १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेस झालेल्या भीषण अपघातात विमानातील २४१ जण आणि जमिनीवरील कित्येक जण प्राणांस मुकले. त्या दुःखापुढे नफ्यातोट्याचे आकडे बोलू नयेत. आम्हीही बोलत नाही. सांगावयाचे ते इतकेच की, भांडवलाला कमी नसलेल्या घराण्यालाही जुनी संस्था सावरण्यास वर्षे लागतात.

आता उद्याच्या ठरावाविषयी चार शब्द. आपल्या दोन शाखांचे निधी त्या कोट्यवधींपुढे किती लहान, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या मुलीची परीक्षेची फी त्या निधीतून भरावयाची असते, तिला तो निधी लहान नसतो. म्हणून या हकीकतीतून आम्हांस जे दिसले, ते सभेपुढे विचारार्थ ठेवतो.

प्रथम, दोन्ही शाखांचे हिशेब एकाच तारखेपर्यंत मिळवून, एकाच तपासनीसाकडून तपासून, भर सभेत वाचले जावेत. अकोल्याच्या वसतिगृहावर बांधणीचे कर्ज आहे, ही गोष्ट कोणी कानात सांगावी आणि कोणी झाकावी, असे होता कामा नये. कर्ज असणे हा कलंक नव्हे; ते न सांगता एक होणे हे अनर्थाचे मूळ आहे. अमरावतीच्या ठेवी मोठ्या दिसतात, पण त्यांतील कित्येक देणगीदारांनी विशिष्ट हेतूने ठेवलेल्या आहेत. कोणी आईच्या नावे मुलींच्या शिक्षणासाठी, कोणी वैद्यकीय विद्यार्थ्यासाठी. तो संकल्प मोडून ती रक्कम कर्जफेडीत वळविण्याचा अधिकार आपणांपैकी कोणासही नाही.

दुसरे असे की, ठराव झाल्यापासून निधी प्रत्यक्ष एक होईपर्यंत कोणत्याही शाखेने नवी इमारत, नवी जागा अथवा नवे कर्ज यांचा करार करू नये. ‘आपले आहे तोवर करून घ्या’ ही बुद्धी मोठमोठ्यांस सुटत नाही. आपण तरी तिच्यापासून दूर राहावे.

तिसरे, वसतिगृहाचे अधीक्षक, स्वयंपाकीण, शिपाई आणि कचेरीतील कारकून यांची नोकरी, पगार व ज्येष्ठता आधी लिहून ठरवावी. पदाधिकाऱ्यांची नावे कोणत्या क्रमाने छापावीत यावर आपल्याकडे तासन् तास चर्चा होते. स्वयंपाकिणीच्या पगाराचा प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो. हा क्रम उलटा व्हावा, अशी आमची विनंती आहे.

आणि अखेरचे, एक झालेल्या निधीबद्दल सभेला उत्तर देणारा माणूस कोण, हे नावानिशी ठरावे. सर्वांची जबाबदारी म्हटली की ती कोणाचीच राहत नाही. एअर इंडियाच्या त्या दीर्घ कथेत मंत्री बदलले, अध्यक्ष बदलले, समित्या आल्या आणि गेल्या. कर्जाचा आकडा तेवढा कोणाच्याही बदलीची वाट न पाहता वाढत राहिला.

आम्ही ठरावाच्या विरुद्ध आहोत, असा समज कोणी करून घेऊ नये. अमरावतीची मुले अकोल्यास कृषिविद्या शिकावयास जातात आणि अकोल्याची मुले अमरावतीच्या महाविद्यालयांत येतात. त्यांनी आपापल्या जिल्ह्याचा दाखला दाखवून वसतिगृहात जागा मागावी, हे आता शोभत नाही. दोन्ही शाखा एक व्हाव्यात, हीच आमची इच्छा आहे. मात्र आधी वह्या एकमेकींशेजारी उघडाव्यात, आणि फलक नंतर रंगवावा. उद्या हात वर करण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने दोन्ही शाखांचे ताळेबंद मागून घ्यावेत आणि ते मिळाल्यावाचून मत देऊ नये, एवढी आमची आग्रहाची सूचना आहे. ताळेबंद आज सायंकाळपर्यंत कचेरीत मांडून ठेवण्याचे दोन्ही चिटणीसांनी मान्य केले आहे, याबद्दल त्यांचे आभार.